आधी काठ गेला

ब्रिटनमधल्या पाणउंदराची गोष्ट बहुतेक वेळा तीन-चार वाक्यांत उरकते. ओढ्याच्या काठात बिळं करून राहणारा, गवतपाल्यावर जगणारा एक गोंडस प्राणी होता. कातड्यासाठी अमेरिकेतून आणलेले मिंक नावाचे शिकारी प्राणी पिंजऱ्यांतून निसटले आणि नद्यांवर आले. त्यांनी याला खाऊन संपवलं. गोष्ट सुटसुटीत आहे. तिच्यात एक निरपराध आहे आणि एक परदेशी मारेकरी आहे, म्हणून ती कुठेही सांगितली तरी चटकन पटते. ती खोटीही नाही. मिंकने पाणउंदीर मारले आणि भरमसाट मारले. पण घराच्या भिंती कोणीतरी आधीच पाडून ठेवल्या असतील आणि मग चोर शिरला असेल, तर तपास चोरापाशीच थांबवायचा का, हा खरा प्रश्न आहे. जुनी निसर्गवर्णनं, सरकारी धोरणं आणि खुद्द या प्राण्याच्या राहणीच्या खुणा एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्या, तर मिंक येण्याच्या बऱ्याच आधीपासून पाणउंदराच्या पायाखालची जमीन काढून घेतली जात होती असं दिसतं. आधी काठ गेला, मग प्राणी गेला. हा क्रम नीट लावणं म्हणजे शब्दांचा कीस काढणं नव्हे. आज त्याला वाचवायला जे चाललं आहे, त्यातलं काय टिकेल आणि काय टिकणार नाही, ते या क्रमावरच ठरतं.

आधी नावाचं पाहू. मराठीत या प्राण्याला नाव नाही, असायचं कारणही नाही. तो आपल्याकडे होत नाही. इंग्रजीत त्याला वॉटर व्होल म्हणतात. पाणमांजर, पाणकोंबडी यांच्या चालीवर इथे पाणउंदीर म्हटलं आहे, पण गंमत अशी की त्याचं जुनं इंग्रजी नावही 'वॉटर रॅट', म्हणजे पाणउंदीरच होतं, आणि त्या नावाने त्याचं बरंच नुकसान केलं. व्होल हा शब्द ऑर्कनी बेटांच्या बोलीतला, शेतातला उंदीर अशा अर्थाच्या नॉर्स शब्दापासून आलेला. छापील इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरला. त्याआधी, आणि त्यानंतरही गावोगावच्या तोंडी, हा 'रॅट'च राहिला. केनेथ ग्रॅहमच्या १९०८ सालच्या 'द विंड इन द विलोज' या प्रसिद्ध बालकादंबरीतला नदीवेडा रॅट हा खरं तर पाणउंदीर आहे, हे इंग्रजी वाचकांनाही मुद्दाम सांगावं लागतं. नावात उंदीर म्हटल्यावर दोन गोष्टी होतात. उंदरासाठी ठेवलेलं विष यालाही मिळतं. आणि उंदीर कमी झाले तर कोणी हळहळत नाही, मोजत तर नाहीच.

नावाच्या गोंधळाखाली आणखी एक गोंधळ आहे, आणि या लेखाच्या दृष्टीने तो जास्त मोलाचा. कार्ल लिनियसने १७५८ साली प्राण्यांची नावं पक्की केली, तेव्हा या एकाच प्राण्याला त्याने दोन नावं दिली: एक उभयचर, पाण्यातला, दुसरा जमिनीवरचा. पुढच्या अभ्यासकांनी दोन्ही एकत्र केले, आणि बरीच वर्षं शास्त्रीय नाव चालत राहिलं ते 'टेरेस्ट्रिस', म्हणजे 'जमिनीवरचा'. इंग्लंडमधल्या सेलबर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याची निरीक्षणं १७८९ साली पुस्तकरूपाने आली. आधीच्या पंडितांनी पाणउंदराच्या मागच्या पायाच्या बोटांत पडदा असतो असं लिहून ठेवलं होतं. व्हाइटने आपल्या ओढ्यावरचा प्राणी पाहिला आणि पडदा नाही, तरी तो उत्तम पोहतो, असं कळवलं. त्याचीच दुसरी नोंद अशी की पाण्यापासून लांब, कोरड्या खडूमातीच्या शेतात नांगर चालवताना शेजाऱ्याला एक पाणउंदीर सापडला, गवतपानांच्या घरट्यात, शेजारी बटाट्यांचा साठा नीट रचून ठेवलेला. पाण्याजवळच राहणारा म्हणून ओळखला जाणारा हा प्राणी इतक्या लांब काय करतोय, हे कोडं व्हाइटला पडलं होतं. ते कोडं बाजूला ठेवून पुढच्या दोनशे वर्षांत इंग्रजांनी त्याला पाण्याशीच बांधून टाकलं. पुढे या बटाट्यांकडे परत यावं लागणार आहे.

पाणउंदीर पाहायचा म्हणजे काय पाहायचं, हेही इथेच सांगायला हवं. प्राणी वीतभर लांबीचा, वजन साधारण दोनशे ते तीनशे ग्रॅम. थोराड नमुना लहान तपकिरी उंदराएवढा भरतो, म्हणूनच घोटाळा होतो. पण उंदराचं तोंड निमुळतं, याचं बोथट. उंदराचे कान उभे आणि उघडे, याचे केसांत दडलेले. उंदराची शेपटी जाड आणि खवलेदार, याची आखूड आणि बारीक केसाळ. रंग तांबूस तपकिरी, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पुष्कळदा काळा. प्रत्यक्षात मात्र बहुतेकांना तो दिसत नाही, ऐकू येतो: काठावरून पाण्यात पडल्याचा 'डुबुक' आवाज आणि पसरत गेलेली वर्तुळं. म्हणून जाणकार माणूस ओढ्यावर गेला की प्राणी शोधत नाही, काठ वाचतो. पाण्याच्या कडेला, सपाट जागी लेंड्यांचा ढीग सापडतो. एकेक लेंडी सेंटिमीटरभर, दोन्ही टोकांना गोलसर, हिरवट किंवा तपकिरी, आणि उंदराच्या लेंडीसारखी घाण न मारणारी. विणीच्या हंगामात मादी आपल्या हद्दीच्या शिवेवर हे ढीग राखते, मागच्या पायांनी कुशीवरच्या ग्रंथीचा वास घासून ते तुडवते. जुन्या चपट्या थरावर ताज्या लेंड्या दिसल्या की समजायचं, घरमालकीण हजर आहे. जवळच लव्हाळ्याच्या, बोरूच्या तोडलेल्या काड्या रचलेल्या असतात, बोटाएवढ्या लांबीच्या, आणि टोक तिरकं कापलेलं, जसा लेखणी करताना बोरूवर चाकू तिरका मारतात तसा. बिळाचं तोंड उंचीपेक्षा रुंदीला जास्त, काही बिळं पाण्याच्या पातळीखाली उघडणारी. आणि काठावरच्या बिळाभोवती तोंड पुरेल तितकं गवत कुरतडून केलेली छोटीशी हिरवळ. पिल्लं अंगावर असताना मादी फार लांब जात नाही, तोंड बाहेर काढून मिळेल ते खाते, त्याची ही खूण.

या खुणांची यादी पुन्हा वाचली, तर ती यादी प्राण्याची राहत नाही, काठाचीच होते. लेंड्यांच्या ढिगाला सपाट, न तुडवलेली कड हवी. तिरक्या कापलेल्या काड्यांसाठी उंच, दाट गवत आणि लव्हाळी हवीत, आणि थोडीथोडकी नव्हेत, कारण हा प्राणी रोज आपल्या वजनाच्या सुमारे ऐंशी टक्के हिरवा पाला खातो. बिळासाठी उभा पण मऊ मातीचा काठ हवा, दगडी बांध किंवा पत्रा चालत नाही. दोन्ही बाजूंना चार-सहा पावलं रुंदीची, न कापलेली, न चरलेली, न नांगरलेली पट्टी असली की पाणउंदीर आहे. ती नसली की तो नाही. त्याच्या जगण्याला मोठं अरण्य लागत नाही. शेतकऱ्याने उपयोगाची नाही म्हणून सोडून दिलेली ती पट्टी त्याला पुरते. आणि शेती जसजशी काटेकोर होत गेली, तसतसं सोडून देणं बंद होत गेलं.

आता पुरावा. अडचण अशी की विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पाणउंदीर कोणी मोजलेच नाहीत. सगळीकडे दिसणाऱ्या प्राण्याची शिरगणती करायची कशाला? पहिली देशव्यापी पाहणी व्हिन्सेंट वाइल्डलाइफ ट्रस्टने १९८९-९० साली केली, २,९७० ठिकाणी. तीच ठिकाणं १९९६ ते १९९८ दरम्यान पुन्हा तपासली. पहिल्या पाहणीच्या वेळचा अंदाज सुमारे ७३ लाखांचा होता, दुसऱ्या वेळी तो पावणेनऊ लाखांवर आला. आठ-नऊ वर्षांत इतकी घसरण ब्रिटनमधल्या दुसऱ्या कुठल्या सस्तन प्राण्याची झाल्याची नोंद नाही. मिंकची गोष्ट पक्की झाली ती या आकड्यांनी, कारण या काळात मिंक नद्यानद्यांवर पसरलेला होता. पण पहिल्या पाहणीच्या सुमारासच, १९८९ साली, एक वेगळ्याच तऱ्हेचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात प्राणी मोजले नव्हते, जुने मजकूर चाळले होते: परगण्यापरगण्यांची प्राणिवर्णनं आणि हौशी निरीक्षकांच्या नोंदी. या प्राण्याबद्दल 'सर्रास', 'भरपूर', 'कुठेकुठे' असे शब्द कसकसे बदलत गेले ते पाहिलं, तेव्हा घसरणीची सुरुवात १९००च्या आसपास जात होती. त्या वेळी ब्रिटनमध्ये एकही मिंक नव्हता.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. 'भरपूर' हा शब्द म्हणजे माप नव्हे. १९०५ सालच्या एखाद्या पाद्रीबुवांचं 'भरपूर' आणि १९७० सालच्या शाळामास्तरांचं 'भरपूर' एकच कशावरून? शिवाय प्रत्येक पिढीला आपल्या लहानपणीचं नदीपात्र अधिक गजबजलेलं वाटतंच. एकेका नोंदीबद्दल हे खरंच आहे. पण शेकडो माणसं, वेगवेगळ्या परगण्यांत, एकमेकांना न विचारता लिहितात आणि त्यांच्या शब्दांचा कल एकाच दिशेने सरकत जातो, तेव्हा त्याला नुसतं स्मरणरंजन म्हणता येत नाही. त्या नोंदी आकडा देत नाहीत, पण दिशा देतात, आणि इथे दिशेचाच प्रश्न आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की ७३ लाखांचा आकडाही प्राणी मोजून आलेला नाही, तो लेंड्यांच्या ढिगांवरून बांधलेला अंदाज आहे. लेंड्यांवर विश्वास ठेवायचा आणि शब्दांवर नाही, असं करायचं तर त्याला काही कारण दाखवावं लागेल.

मग विसाव्या शतकात काठाचं झालं काय? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडभर खणल्या गेलेल्या कालव्यांनी उलट पाणउंदराचं भलंच केलं होतं. संथ पाणी, मातीचे काठ, नांगर पोचणार नाही अशी अरुंद गवताळ पट्टी: माल वाहण्यासाठी बांधलेल्या या जाळ्याने त्याला शेकडो मैल घर दिलं. विसाव्या शतकात हेच काठ ढासळू नयेत म्हणून ठिकठिकाणी लोखंडी पत्रे ठोकून पक्के झाले. पाणउंदराच्या बाजूने पाहिलं तर ती गवंड्याने दार चिणून टाकण्याची तऱ्हा होती. नद्या-ओढ्यांवर याहून मोठं काम झालं. १९३० च्या जमीन-निचरा कायद्याने नदीखोऱ्यांसाठी मंडळं उभी केली. महायुद्धात अन्नाच्या टंचाईमुळे कुरणं नांगराखाली आली. १९४७ च्या शेती कायद्याने हमीभाव देऊन ही दिशा कायम केली, आणि निचऱ्याच्या कामांना कित्येक दशकं सरकारी अनुदान मिळत राहिलं. ओढे सरळ केले गेले, खोल केले गेले, काठावरची लव्हाळी दरवर्षी साफ केली जाऊ लागली. जिथे नांगर नाही तिथे गुरं आणि मेंढ्या थेट पाण्याच्या कडेपर्यंत चरू लागल्या. खुरांनी तुडवलेल्या काठात बीळ टिकत नाही. सखल भागातली रानफुलांची जवळजवळ सगळी जुनी कुरणं १९३० ते १९८४ या काळात गेली, सुमारे ९७ टक्के. ही कुरणं म्हणजे पाणउंदराचं घर नव्हे, पण जमिनीची इंचन् इंच पट्टी वापरायची ही वृत्ती केवढी पसरली होती ते त्या आकड्यावरून कळतं. देश उपाशी होता, जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या. तेव्हाच्या अधिकाऱ्यांना आज बसून दोष देण्यात काही शहाणपणा नाही. मात्र युद्ध संपल्यावर पस्तीस-चाळीस वर्षं तेच चालू राहिलं, ते भुकेपोटी नव्हतं.

या फाटक्या पट्टीवर मग मिंक आला. आला म्हणजे आणला गेला: अमेरिकन मिंकची ब्रिटनमधली पहिली शेतं १९२९ सालची, आणि मोकाट मिंकची वीण झाल्याचं पहिल्यांदा सिद्ध झालं ते १९५६ साली, डेव्हनमधल्या टेन नदीवर. याच दशकांत कातड्यासाठी आणलेल्या आणखी दोन प्राण्यांचं काय झालं, हे आठवणं इथे उपयोगाचं आहे, आणि मिंकच्या गोष्टीत ते सहसा सांगितलं जात नाही. उत्तर अमेरिकेचा मस्करॅट १९२० च्या दशकाअखेर आणला गेला, निसटला, नद्यांचे बांध पोखरू लागला. १९३२ साली सरकारने खास कायदा केला, सापळेवाले नेमले, चार हजारांवर मस्करॅट मारले आणि दशक संपण्याआधी ब्रिटनमधून त्याचं नाव पुसून टाकलं. दक्षिण अमेरिकेचा कॉयपूही १९२९ च्या सुमारासच आला, नॉर्फकच्या पाणथळीत त्यानेही बांध पोखरले, बिटाची शेतं खाल्ली. १९८१ मध्ये पगारी सापळेवाल्यांची मोहीम उभी राहिली आणि १९८९ मध्ये कॉयपू संपल्याचं जाहीर झालं. मिंकविरुद्धची सरकारी मोहीम मात्र १९७० मध्ये सोडून देण्यात आली. मिंक अधिक चपळ होता आणि अधिक पसरला होता हे खरंच, पण मिंकने ना बांध पोखरले ना पीक खाल्लं, हेही तितकंच खरं. त्याने खाल्ला पाणउंदीर, आणि पाणउंदराची किंमत कुठल्याच वहीत लिहिलेली नव्हती. मस्करॅटच्या मोहिमेतली एक बाब तर अशी की एकट्या स्कॉटलंडमध्ये त्या सापळ्यांत दोन हजारांहून अधिक पाणउंदीर मेले, आणि तेव्हा तो बातमीचा विषय नव्हता.

लोकसमजुतीत मिंक मोकाट सुटण्याचं खापर प्राणिहक्कवाल्यांवर फोडलं जातं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये न्यू फॉरेस्टजवळच्या एका शेतातून हजारो मिंक सोडले गेले, त्याचे फोटो छापून आले आणि लोकांच्या डोळ्यांपुढे तेच राहिले. तारखा पाहिल्या तर यात दम नाही. दुसरी पाहणी तोवर आटोपत आली होती. पाणउंदीर आधीच गेले होते. कातड्याची शेती कायद्याने बंद झाली ती त्यानंतर, २००० सालच्या कायद्याने, २००३ च्या सुरुवातीपासून. चार दशकं नद्यांवर मिंक मुरला होता. त्याला जागाही रिकामी मिळाली होती: डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांनी १९५० च्या दशकाअखेरपासून पाणमांजरं कोसळू लागली, नेमक्या त्याच वर्षांत मिंक पसरत होता. नदीवरचा मोठा शिकारी जाऊन त्याच्या जागी असा शिकारी आला, ज्याची मादी पाणउंदराच्या बिळात सहज शिरते. पाणमांजर बिळाबाहेर थांबतं. बीळ हाच पाणउंदराचा हजारो वर्षांचा बचाव होता, आणि मिंकच्या मादीपुढे तो एका झटक्यात निकामी झाला. पिल्लांसह असलेली एक मादी एका हंगामात ओढ्याचा लांबच लांब टप्पा रिकामा करू शकते.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. काठ वगैरे ठीक आहे, पण मिंक काढला की पाणउंदीर परत येतात, मग मिंक हेच कारण नव्हे का? पुरावा असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने आहे. ईशान्य स्कॉटलंडमध्ये स्वयंसेवकांनी मोठ्या क्षेत्रातून मिंक हटवला, तिथे पाणउंदीर सावरले. इंग्लंडच्या पूर्वेकडे नॉर्फक-सफकच्या बाजूला गेल्या काही वर्षांत तरंगत्या तराफ्यांवरचे सापळे लावून मिंकची वीण जवळजवळ थांबवली गेली. अशा तराफ्याची मूळ युक्ती साधी आहे: बोगद्यासारख्या पेटीत ओल्या चिकणमातीचा आणि वाळूचा थर, त्यावर मिंकच्या पंजाचा ठसा उमटला तरच सापळा मांडायचा, उगाच दुसरं कोणी अडकत नाही. मिंक काढलाच पाहिजे यात वाद नाही, आणि एका प्राण्यासाठी दुसरा मारायचा का असं विचारणाऱ्यांना उत्तर हेच की नुसतं बघत राहणं हाही एक निर्णयच असतो, आणि त्यात पाणउंदीर मरतो. पण मिंक काढल्यावर पाणउंदीर कुठे परततात ते पाहावं. ते पत्रे ठोकलेल्या कालव्यावर परतत नाहीत, मेंढ्यांनी खरवडलेल्या काठावर परतत नाहीत. यॉर्कशरमधल्या मॅलम टार्न तळ्याजवळ २०१६ साली शंभरेक प्राणी सोडले, त्याआधी तिथे काठाला कुंपण घालून गुरं लांब ठेवावी लागली. आणि उलट बाजूचा पुरावाही आहे: मुख्य प्रवाहापासून आत पसरलेली रुंद बोरूवनं जिथे शिल्लक होती, तिथे मिंक असतानाही पाणउंदीर टिकून राहिले. मिंक पाण्याच्या कडेने फिरतो; घर जर कडेपासून आत पसरलेलं असेल तर काही कुटुंबं त्याच्या वाटेबाहेर राहतात आणि रिकामी झालेली बिळं पुन्हा भरतात. घर म्हणजे दोन हात रुंदीची एकच ओळ असेल तर मिंकला एक फेरी पुरते. अरुंद काठामुळे मिंक इतका जीवघेणा ठरला. पाणमांजर परतलं की मिंक आपोआप मागे हटेल, ही आशाही थोडीच खरी ठरली. १९७८ नंतर संरक्षण मिळून पाणमांजरं इंग्लंडभर परतली. पण मिंक संपला नाही, तो दिवसा वावरू लागला आणि जमिनीवरचं भक्ष्य अधिक खाऊ लागला.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. आंतरराष्ट्रीय यादीत हा प्राणी धोक्याबाहेर आहे. युरोपपासून सायबेरियापर्यंत तो आढळतो. मग ब्रिटनने एवढा आटापिटा का करावा? फ्रान्सच्या जुरा पट्ट्यात आणि ओव्हेर्नच्या पठारांवर तर त्याचाच जमिनीखाली राहणारा भाऊबंद, ज्याला बरेच अभ्यासक आता वेगळी जात मानतात, दर काही वर्षांनी कुरणंच्या कुरणं उलथून टाकतो. शेतकरी हैराण होतात. त्याला मारायला घातलेल्या विषाने मेलेले उंदीर खाऊन घारीही मेल्या आहेत. पण हा आक्षेप नीट उलगडला तर माझ्याच म्हणण्याला बळ देतो. जुरात चीझच्या धंद्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सगळी जमीन एकसलग कायमस्वरूपी कुरण झाली, आणि कुंपणझुडपं, राया कमी झाल्या. तिथे गवत अखंड म्हणून प्राणी अफाट. ब्रिटनमध्ये गवताची चिंधी उरली म्हणून प्राणी नामशेष होण्याच्या वाटेवर. दोन्हीकडे त्याची संख्या ठरवली ती माणसाने जमीन कशी वापरायची ठरवली त्याने. जगात इतरत्र पुष्कळ आहेत या कारणासाठी आपल्या ओढ्यावरचे जाऊ द्यावेत, हा युक्तिवाद मान्य केला तर कुठल्याच देशाला स्वतःचं काही जपायला नको. शिवाय ब्रिटनमधलेही सगळे एक नाहीत: स्कॉटलंडचे पाणउंदीर हिमयुगानंतर आयबेरियाच्या बाजूने आलेल्या वंशाचे, इंग्लंडचे पूर्व युरोपकडून आलेल्या वंशाचे. एकीकडचे संपले तर दुसरीकडचे आणून ती जागा तशीच भरून निघत नाही.

कायदा या सगळ्यामागून, सावकाश चालत आला. १९९८ साली ब्रिटनमध्ये त्याच्या बिळांना संरक्षण मिळालं, म्हणजे बीळ मोडणं गुन्हा, पण त्यातला प्राणी मारणं गुन्हा नाही, अशी दहा वर्षं गेली. इंग्लंडमध्ये प्राण्यालाही पूर्ण संरक्षण मिळालं ते २००८ मध्ये. निदान त्या दहा वर्षांत कायद्याने काठ आधी आणि प्राणी मागून ठेवला, हा योगायोग असला तरी बरोबर क्रम होता. २०१८ च्या आढाव्यात ब्रिटनमध्ये सुमारे १ लाख ३२ हजार पाणउंदीर उरल्याचा अंदाज आला. तो वेगळ्या पद्धतीने काढलेला असल्याने जुन्या ७३ लाखांतून सरळ वजाबाकी करू नये, पण कुठल्याही पद्धतीने उत्तर भयंकरच येतं. २०२० साली ब्रिटनच्या सस्तन प्राण्यांची लाल यादी निघाली, तिच्यात तो 'संकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला.

राहिले व्हाइटचे बटाटे. ग्लासगो शहराच्या पूर्व टोकाला ईस्टरहाउस नावाची वस्ती आहे: महायुद्धानंतर बांधलेल्या सरकारी घरांची, नंतर हलाखीसाठीच नाव झालेली. २००८ साली तिथल्या रस्त्यांमधल्या, घरांमागच्या मोकळ्या गवतात पाणउंदीर सापडले, पाण्यापासून लांब, जमिनीखाली बिळं करून, आणि काही ठिकाणी तर नदीकाठच्या कुठल्याही वस्तीपेक्षा दाटीने. यावर कोणी म्हणेल, झालं, तुमचा काठाचा सिद्धान्त कोसळला; याला तर काठच लागत नाही. लागत नाही, हे लिनियसला अर्धवट आणि व्हाइटच्या शेजाऱ्याला नांगराच्या फाळाखाली कळलं होतं. त्याला लागते मऊ माती, वर उंच गवत, आणि तिथे कोणी काही करायचं नाही एवढी एकच सवलत. इंग्लंडच्या शेतांत ती सवलत फक्त पाण्याच्या कडेला शिल्लक राहिली, म्हणून तो पाण्याचा प्राणी ठरला, आणि ती पट्टीही काढून घेतल्यावर मिंकच्या तोंडी पडला. ग्लासगोत ती सवलत पडीक जागेने दिली. त्या जागांवर आता घरं बांधायचे बेत आहेत; घरं तिथल्या माणसांना हवीच आहेत. यंत्र लागण्याआधी गवतात वाकून कोणीतरी तिरक्या कापलेल्या काड्या शोधतं, बिळांची तोंडं मोजतं आणि नकाशावर खुणा करतं.